हिप्परग्याचे मुख्याध्यापक

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागात, लोहारा तालुक्यात, हिप्परगा नावाचे एक गाव आहे. बालाघाटच्या पठारावरील इतर गावांसारखेच हे गाव. काळी जमीन, ज्वारीची शेते आणि मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी, हेच तेथील चित्र. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून पाहावयास जावे असा मोठा किल्ला अथवा प्रसिद्ध लेणे येथे नाही. तथापि मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास या लहानशा गावाचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. या गावात एक राष्ट्रीय शाळा होती, आणि त्या शाळेस एक असाधारण मुख्याध्यापक लाभले होते. हे मुख्याध्यापक म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ.

हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे सेनापती म्हणून स्वामीजींची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु सेनापती होण्यापूर्वी ते शिक्षक होते, आणि शिक्षक होण्यापूर्वी त्यांनी स्वतःलाच एक कठीण धडा दिला होता. आपल्या आयुष्याचे काय करावयाचे हे परिस्थितीला ठरवू द्यावयाचे नाही, ते आपणच ठरवावयाचे आणि एकदा ठरविल्यावर त्याचा सारा भार आपणच वाहावयाचा, असा तो धडा होता. त्यांचे चरित्र म्हणजे या एका धड्याची जन्मभर केलेली उजळणी होय.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हा प्रदेश कन्नड भाषेचा; घरची भाषा मराठी. त्यामुळे दोन भाषांचे संस्कार बालपणीच त्यांच्या कानांवर झाले. घरची स्थिती बेताची होती, परंतु घरात धर्मनिष्ठेचे वातावरण होते. बालपणातील काही काळ श्रीदत्ताचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या गाणगापूर येथे गेला. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी व्यंकटेश सोलापुरास आला. त्या काळी सोलापूर हे कापडगिरण्यांचे मोठे शहर होते. गिरणीच्या भोंग्याबरोबर उठणारे आणि भोंग्याबरोबर झोपडीत परतणारे हजारो कामगार तेथे राहत. आपल्या देशातील कष्टकरी माणसाचे जीवन या मुलाने येथे जवळून पाहिले.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले. साऱ्या देशावर शोककळा पसरली. गावोगावी सभा झाल्या, दुकाने बंद राहिली. व्यंकटेश त्या वेळी सतरा वर्षांचाही झाला नव्हता. त्या दिवशी त्याने मनाशी एक प्रतिज्ञा केली. आपण जन्मभर अविवाहित राहू आणि आपले सारे आयुष्य देशाच्या कामी लावू, अशी ती प्रतिज्ञा होती.

तरुण वयात संकल्प करणे फारसे कठीण नसते. मन हळवे असते, प्रसंग मोठा असतो आणि शब्द सहज ओठांवर येतात. खरी परीक्षा पुढे असते. प्रसंगाची आठवण पुसट होते, सोबती आपापल्या संसारास लागतात, आणि ज्या वचनास कोणी साक्षी नव्हता ते मोडले तरी कोणी जाब विचारणार नसतो. व्यंकटेशाच्या प्रतिज्ञेचे महत्त्व ती केली यात नाही, ती एक्कावन्न वर्षे पाळली यात आहे. दुसऱ्याला दिलेले वचन लोकलाजेस्तव पाळले जाते. स्वतःला दिलेले वचन पाळण्यास मात्र स्वतःचाच धाक लागतो.

प्रतिज्ञेची पहिली किंमत त्यास लगेच मोजावी लागली. महात्मा गांधींनी असहकारितेची हाक दिली होती, आणि सरकारी मान्यतेच्या शाळा सोडून विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय शिक्षण घ्यावे असा त्या चळवळीचा आदेश होता. व्यंकटेशाने सोलापूरची शाळा सोडली आणि खानदेशातील अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षण घेतले. तेथून तो पुण्यास गेला. टिळकांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्याने उच्च शिक्षण पुरे करून एम. ए.च्या तोडीची पदवी मिळविली.

आज ही गोष्ट आपणांस साधी वाटेल. परंतु त्या काळातील एखाद्या गरीब घराच्या दृष्टीने विचार करून पाहा. सरकारमान्य शाळेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलास कचेरीत कारकुनाची जागा मिळे, दरमहा पगार येई आणि घरची विवंचना मिटे. राष्ट्रीय विद्यापीठाच्या पदवीस सरकारदरबारी काडीचीही किंमत नव्हती. अशी पदवी घेणे म्हणजे नोकरीचा दरवाजा आपल्याच हाताने बंद करणे होते. व्यंकटेशाने तो दरवाजा डोळे उघडे ठेवून बंद केला, आणि पुढे आयुष्यात कधी हलाखी आली तेव्हा त्याबद्दल दुसऱ्या कोणास बोल लावला नाही.

शिक्षण संपल्यावर त्यांनी कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे काम पत्करले. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात तयार झालेल्या जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली होती, आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ते एक होते. मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांची बाजू मांडीत. खेडगीकर त्यांचे चिटणीस झाले. मुंबईत आणि दिल्लीत राहून कामगारांच्या तक्रारी समजून घेणे, कागदपत्रे तयार करणे, माहिती जुळविणे, अशी कामे त्यांच्याकडे असत. पुढारीपणाचा झगमगाट या कामात नव्हता; परंतु संघटना कशी उभी राहते आणि सार्वजनिक कामात शिस्त व टापटीप यांचे मोल किती आहे, हे त्यांस येथे उमगले.

अशा रीतीने मार्ग सापडला असे वाटत असतानाच शरीराने दगा दिला. गंभीर आजाराने त्यांना काम सोडणे भाग पडले. वय अवघे पंचवीस वर्षांचे. घर नाही, संसार नाही, पदवीला बाजारात किंमत नाही आणि आता अंगात शक्तीही नाही. अशा वेळी प्रतिज्ञेचे ओझे खाली ठेवण्यास त्यांना योग्य निमित्त मिळाले होते. आजारी माणसास कोणी दोष देत नाही. मनाने चांगले असूनही पुष्कळांची आयुष्ये अशाच एखाद्या खऱ्या, योग्य आणि सर्वमान्य निमित्तापाशी येऊन थांबतात. खेडगीकर तेथे थांबले नाहीत. मोठ्या शहरातील धकाधकीचे काम झेपत नसेल तर खेड्यातील काम करावे, असा विचार करून त्यांनी निजामाच्या राज्यातील एका आडगावची वाट धरली. १९२९ मध्ये ते हिप्परग्यास आले.

त्या काळच्या हैदराबाद संस्थानाची थोडी कल्पना असल्याखेरीज हिप्परग्याच्या शाळेचे महत्त्व ध्यानी येणार नाही. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे हे संस्थान हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. त्यात तेलुगू, मराठी व कन्नड अशा तीन भाषांचे प्रदेश एकत्र आले होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे त्यात मोडत. उस्मानाबाद म्हणजेच आजचा धाराशिव जिल्हा. लातूरही १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि बहुसंख्य प्रजेची मुले आपल्या मातृभाषेतील शिक्षणास पारखी झाली होती. सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमाने साध्या सार्वजनिक सभेवरही बंधने घातली होती. खाजगी शाळांकडे सरकार संशयाने पाही.

अशा राज्यात १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा काढली होती. राजधानीपासून दूर, एका कोपऱ्यातील खेड्यात, मुलांना मातृभाषेतून शिकविणारी आणि देशाविषयी प्रेम जागविणारी ही शाळा म्हणजे काळोखात जपून ठेवलेली पणती होती. या शाळेच्या मुख्याध्यापकपदाची धुरा खेडगीकरांनी खांद्यावर घेतली.

खेड्यातील अशा शाळेचा मुख्याध्यापक होणे म्हणजे काय, हे शाळा चालविलेल्या माणसासच ठाऊक. सरकारी अनुदान नाही, म्हणजे पैशाची चणचण नेहमीचीच. शिक्षकांना पोटापुरते मिळाले तरी पुष्कळ. या शाळेत मूल घालणाऱ्या बापानेही मोठा धोका पत्करलेला असे. शेतातील कामाचे दोन हात कमी करून तो मुलास शाळेत धाडी, आणि त्या शिक्षणाने सरकारी नोकरी मिळेल अशी खात्री त्यास कोणी देऊ शकत नसे. मुलाच्या भवितव्याची ही जोखीम अखेर मुख्याध्यापकाच्या शिरावर येई. मुलगा ज्ञानाने, चारित्र्याने आणि स्वावलंबनाने मोठा झाला नाही, तर त्या बापाचा विश्वास वाया गेला असे होणार होते.

ही जोखीम खेडगीकरांनी कशी उचलली? अभ्यासाबरोबर शरीरश्रम, व्यायाम, प्रार्थना आणि साधी राहणी यांना शाळेच्या जीवनात स्थान होते, आणि जे विद्यार्थ्यांनी करावे अशी अपेक्षा असे ते शिक्षकांनी आधी करावयाचे, अशी रीत होती. मुख्याध्यापकाचे स्वतःचे जीवन हाच शाळेतील पहिला पाठ होता. मुलांचे डोळे फार तीक्ष्ण असतात. गुरुजी काय सांगतात हे ती कदाचित विसरतील, परंतु गुरुजी कसे वागतात हे ती जन्मभर विसरत नाहीत. या शाळेच्या छायेत वाढलेल्यांपैकी अनेक जण पुढे मुक्तिसंग्रामात उतरले.

हिप्परग्यासच त्यांच्या आयुष्यातील आणखी एक मोठी घटना घडली. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी स्वामी नारायण यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली. स्वामी नारायण हे वेदान्ताचे थोर उपदेशक स्वामी रामतीर्थ यांच्या परंपरेतील. व्यंकटेश खेडगीकर या नावाचा त्याग होऊन स्वामी रामानंद तीर्थ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

संन्यास म्हणजे जगाकडे पाठ फिरवून अरण्यात निघून जाणे, अशी सामान्य समजूत आहे. स्वामीजींनी भगवी वस्त्रे परिधान केली ती दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जाण्यासाठी. संन्यासाने त्यांची जबाबदारी कमी झाली नाही, वाढलीच. आता आपले म्हणून काही राखून ठेवावयाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. दहा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मनातल्या मनात जे ठरविले होते, ते आता उघडपणे आणि कायमचे ठरले.

१९३५ मध्ये स्वामीजी हिप्परगा सोडून मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, गेले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या कामास लागले. आद्यकवी मुकुंदराजांच्या या गावात त्यांना बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी सहकारी मिळाले. शाळा वाढली, विद्यार्थी आले, गावोगावच्या लोकांशी संबंध जुळले. परंतु याच काळात एक प्रश्न त्यांच्या मनास बोचू लागला. ज्या राज्यात बोलण्याचे, लिहिण्याचे व सभा भरविण्याचे स्वातंत्र्य नाही, त्या राज्यात मुलांना केवळ वर्गात चांगले नागरिक होण्याचे शिक्षण देऊन कर्तव्य संपते काय? शाळेच्या भिंतीबाहेर पाऊल टाकताच ज्या मुलास मान खाली घालून वागावे लागते, त्यास ताठ मानेचा पाठ देणाऱ्या शिक्षकाची जबाबदारी कोठपर्यंत जाते?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या स्वभावानुसार दिले. निजामी राज्यातील मराठी लोकांची महाराष्ट्र परिषद नावाची संस्था निघाली होती. तिचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे आणि दुसरे १९३८ मध्ये लातूर येथे भरले. परिषदेचे सरचिटणीस म्हणून स्वामीजी काम पाहू लागले. १९३८ मध्ये त्यांनी शाळेचे आवडते काम सोडून हैदराबाद शहर गाठले. शिक्षकाने फळा आणि खडू खाली ठेवला, परंतु शिक्षकाची वृत्ती खाली ठेवली नाही. आजवर त्यांचा वर्ग तीस-चाळीस मुलांचा होता. आता तो साऱ्या संस्थानाएवढा झाला.

तिन्ही भाषांच्या लोकांची एक संघटना असावी म्हणून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरत होते. ती रीतसर जन्मास येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. या बंदीच्या निषेधार्थ ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल पहिल्या तुकडीचे प्रमुख होते. त्यानंतर लवकरच स्वामीजींनीही सत्याग्रह करून कारावास पत्करला. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ गाण्याचा हक्क सांगितला, आणि त्यापायी शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले. कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक असून ते स्वामीजींना आपले गुरू मानीत.

यापुढे तुरुंग हे जणू स्वामीजींचे दुसरे घरच झाले. १९४० मध्ये गांधीजींच्या संमतीने त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला आणि कारावास भोगला. १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळीच्या वेळी ते मुंबईहून परतताच त्यांना पुन्हा पकडण्यात आले. ज्या माणसाने प्रकृतीच्या कारणास्तव एकदा दिल्लीचे काम सोडले होते, त्याच माणसाने अंधारी कोठडी वारंवार सहन केली. लोकांना तुरुंगात जाण्यास सांगावयाचे तर आपण आधी गेले पाहिजे, हा हिप्परग्याच्या शाळेतील नियम त्यांनी येथेही मोडला नाही.

बाहेरच्या शत्रूशी झुंजण्यापेक्षा आपल्याच माणसांतील मतभेद हाताळणे अधिक कठीण असते. स्टेट काँग्रेसमध्येही दोन विचारांचे गट होते. सरकारशी बोलणी करून हळूहळू सुधारणा मिळवाव्या असे काहींना वाटे, तर संपूर्ण जबाबदार राज्यपद्धतीवाचून तडजोड नको असे स्वामीजींचे मत होते. जुलै १९४६ मध्ये संघटनेवरील बंदी उठली. त्यानंतर झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजी थोड्या मताधिक्याने निवडून आले. निवडणूक चुरशीची झाली तरी विरुद्ध मताच्या सहकाऱ्यांना दूर लोटून चालणार नाही, याचे भान त्यांना ठेवावे लागले. अध्यक्षपद म्हणजे अधिकार खरा, परंतु ज्यांनी आपल्याला मत दिले नाही त्यांचाही भार वाहण्याचे ते पद आहे.

१९४७ साल उजाडले. देश स्वतंत्र होणार हे निश्चित झाले, परंतु निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनसुबा जाहीर केला. जून १९४७ मध्ये हैदराबादेस स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि संस्थानाने भारतात विलीन व्हावे अशी स्पष्ट भूमिका तेथे घेण्यात आली. ७ ऑगस्ट हा भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळण्यात आला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश आनंदात न्हात असताना हैदराबादेत तिरंगा फडकविणे हा मात्र गुन्हा होता. स्वामीजींनी त्या पहाटे राष्ट्रध्वज उभारला आणि शांतपणे अटक करवून घेतली. देशाच्या स्वातंत्र्याचा पहिला दिवस त्यांना असा बंदिवासात काढावा लागला. नोव्हेंबरअखेर भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाल्यावर त्यांची सुटका झाली, परंतु जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा गजाआड टाकण्यात आले.

पुढचे महिने फार कठीण गेले. रझाकारांच्या अत्याचारांनी खेडी ओस पडू लागली. बार्शी, सोलापूर अशा सरहद्दीवरील ठिकाणी कार्यकर्त्यांनी शिबिरे उघडली, आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील अनेक तरुण त्यांत सामील झाले. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नव्हता. लोकांचे राज्य यावे एवढ्यासाठी तो होता. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे बलिदान याची साक्ष देते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने चहूबाजूंनी संस्थानात प्रवेश केला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौज सोलापूरकडून आली, आणि पहिल्याच दिवशी बोरी नदीवरील नळदुर्ग तिने हस्तगत केले. ज्या जिल्ह्यातील एका खेड्यात एका आजारी तरुणाने एकोणीस वर्षांपूर्वी मुलांना ताठ उभे राहावयास शिकविण्याचा आरंभ केला होता, त्याच जिल्ह्यातून मुक्तीचे सैन्य पुढे गेले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी त्यानंतर तुरुंगातून मुक्त झाले.

लढा जिंकल्यावर सत्ता घेणे हा विजेत्याचा हक्क समजला जातो. स्वामीजींनी मंत्रिपदाची अभिलाषा धरली नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकांनी त्यांस लोकसभेवर पाठविले, तेथे त्यांनी आपले काम चोख बजावले. कसणाऱ्या शेतकऱ्यास जमिनीचा हक्क मिळावा आणि भाषेनुसार प्रांत व्हावेत यांसाठी ते झटले. ज्या हैदराबाद राज्याचे ते थोर नेते होते, तेच राज्य विसर्जित करून त्यातील तिन्ही भाषांचे प्रदेश आपापल्या भाषाबांधवांस मिळावेत, असा आग्रह त्यांनी धरला. आपल्या नेतृत्वाचे क्षेत्रच नाहीसे करण्याचा असा आग्रह धरणारा पुढारी विरळा. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची विभागणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

राजकारणाच्या धामधुमीतही त्यांच्यातील शिक्षक जागा होता. मराठवाड्यातील तरुणांना उच्च शिक्षणासाठी दूरदेशी जावे लागू नये म्हणून त्यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९५० मध्ये नांदेडचे पीपल्स कॉलेज सुरू झाले. पुढे त्यांनी राजकारणातून अंग काढून घेतले. आपण लढविलेल्या लढ्याचा वृत्तान्त पुढील पिढीस ठाऊक असावा म्हणून त्यांनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या. त्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे ना घरदार राहिले, ना धनसंपत्ती. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ त्यांचे नाव अभिमानाने मिरवीत आहे.

स्वामीजींच्या आयुष्याकडे पाहता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. त्यांच्यावर कोणी जबाबदारी सोपविली आणि मग त्यांनी ती पार पाडली, असे फार थोड्या वेळा घडले. सोळाव्या वर्षी प्रतिज्ञा करण्यास त्यांस कोणी सांगितले नव्हते. आजारपणानंतर विसावा घेतला असता तर कोणी नावे ठेवली नसती. शाळा सुरळीत चालू असताना ती सोडून तुरुंगाची वाट धरण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. प्रत्येक वेळी समोर एक काम पडलेले होते, ते करावयास दुसरे कोणी पुढे येत नव्हते, आणि ते त्यांनी आपले मानले. जबाबदारी घेणे जितके कठीण, तितकेच काम पुरे होताच ती दुसऱ्याच्या हाती निरिच्छपणे सोपविणेही कठीण. स्वामीजींना या दोन्ही गोष्टी साधल्या.

सर्वांनी संन्यास घ्यावा असा या चरित्राचा बोध नाही. आपल्यापैकी कोणी शेतकरी होईल, कोणी वैद्य, कोणी कारागीर, कोणी शिक्षक. संसार करून, पैसा मिळवून, मानसन्मान मिळवूनही मनुष्यास स्वामीजींच्या मार्गाने जाता येते. अभ्यास झाला नाही म्हणजे पुस्तकास दोष देणे, काम बिघडले म्हणजे सोबत्यास दोष देणे आणि आयुष्य फसले म्हणजे नशिबास दोष देणे, ही वाट सोपी आहे. परंतु ती कोठेही पोहोचत नाही. परिस्थिती आपल्या हाती नसते हे खरे. त्या परिस्थितीत आज आपण काय करावयाचे, एवढे मात्र आपल्या हाती असते, आणि तेवढ्यावरच माणसाचे आयुष्य घडते.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील शाळांमधून मुक्तिसंग्राम दिनानिमित्त राष्ट्रध्वज फडकतो. त्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने क्षणभर हिप्परग्याच्या त्या जुन्या शाळेचे स्मरण करावे. तेथील मुख्याध्यापकांनी आपल्या वाट्याचे काम कधी उद्यावर टाकले नाही, आणि दुसऱ्यावर तर नाहीच नाही. ध्वजास वंदन करून वर्गात परतताना आपल्या वाट्याचे आजचे काम कोणते, हे ज्याने मनाशी ठरविले आणि संध्याकाळपर्यंत पुरे केले, त्याने स्वामीजींस खरी आदरांजली वाहिली असे म्हणता येईल.